४ × ३ म्हणजे ४ + ४ + ४ की ३ + ३ + ३ + ३? (आणि मग औटकीचं काय?)

कडीपत्ता

लेक तिसरीत आहे. परवा गणिताची चाचणी तपासून आली. प्रश्न होता, "४ × ३ बेरजेच्या रूपात लिहा." पठ्ठ्याने लिहिलं ३ + ३ + ३ + ३. बाईंनी लाल पेनाने काट मारून खाली ४ + ४ + ४ लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. बारा दोन्हीकडे बाराच.

अर्ध्या मार्कासाठी शाळेत भांडायला जाणाऱ्यांतली मी नाही (शाळा कुठली ते विचारू नका, सांगणार नाही). पण घरात वाद पेटला. सासरे म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. पाढा काय म्हणतो? चार त्रिक बारा. पाढा चाराचा, म्हणजे चार तीनदा." नवरा म्हणाला, चार ताटल्यांत तीन-तीन पेढे, म्हणजे पोराचं बरोबर. एवढ्यावर मिटलं असतं. पण सासऱ्यांना जुन्या उजळणीतली औटकी पाठ आहे, साडेतीनाचा पाढा. ते जोरात म्हणायला लागले, साडेतीन, सात, साडेदहा, चौदा... तेव्हा लेकाने विचारलं, "आजोबा, साडेतीन गुणिले दीड कसं करायचं? एकदा मिळवलं. आता अर्ध्यांदा कसं मिळवू?"

सगळे गप्प.

तर प्रश्न असा. गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली बेरीज, असं आपण सगळे शिकलो. ते खरं आहे का? की ते लहान मुलांना गप्प बसवायला सांगायचं असतं? बेरीज आणि गुणाकार यांचं एकमेकांशी नातं नक्की काय आहे? मी कॉमर्सवाली, जरा बेताने सांगा.

ताकभात

रुमाल टाकून ठेवतो. गेलेला अर्धा मार्क पावकीने वसूल करा, दोन पाव अर्धा.

शून्य_एक

एवढा काथ्याकूट कशाला? गुणाकार ही बेरीजच. आमच्या धंद्यात रोज बघतो. १३ × ११ करायचे आहेत. ११ म्हणजे ८ + २ + १. तेराला तीनदा दुप्पट केलं की १०४, एकदा दुप्पट केलं की २६, आणि मूळ १३. तिन्ही मिळवा, १४३. साध्या प्रोसेसरमध्ये हेच चालतं, सरकवा आणि मिळवा. पाढे माणसांसाठी आहेत. मशिन फक्त बेरीज करतं.

बाईंनी मार्क कापायला नको होता, हे मात्र मान्य.

खडू_फळा

३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले, म्हणून चार ओळी लिहितो.

मी पहिल्या दिवशी चिंचोके मांडायला लावत असे. चार ओळी, प्रत्येक ओळीत तीन. मुले ओळी मोजत आणि तीन-तीन-तीन-तीन म्हणत. मग मी पाटी हळूच पाव फेरा फिरवायचो. चिंचोके तेच, पण आता तीन ओळी आणि प्रत्येकीत चार. एका वर्षी एका मुलीने विचारले होते, "गुरुजी, तुम्ही एकही चिंचोका हलवला नाही, मग बेरीज कशी बदलली?" तिला शाबासकी दिली आणि वर्गाला तोच प्रश्न गृहपाठ म्हणून दिला.

शून्य_एक यांनी इथे थोडे थांबावे. ४ + ४ + ४ आणि ३ + ३ + ३ + ३ या दोन वेगळ्या बेरजा आहेत. नुसते मिळवत बसलात तर दोन्हींचे उत्तर एक येते हा योगायोग वाटेल. १७ तेवीस वेळा आणि २३ सतरा वेळा मिळवून पाहा, वाटेत एकही आकडा जुळत नाही, फक्त शेवटी ३९१ ला गाठ पडते. का पडते, ते बेरीज सांगत नाही, मांडणी सांगते.

दुसरे. त्याच मांडणीत उभी काडी ठेवा. सात ओळी, प्रत्येकीत आठ चिंचोके, पाचांनंतर काडी. डावीकडे सात पंचे पस्तीस, उजवीकडे सात त्रिक एकवीस, मिळून छप्पन्न. ज्याला सात अठ्ठे आठवत नाही त्याला मी काडी शोधायला सांगायचो. पुस्तकात तिला वितरण गुणधर्म म्हणतात. माझ्या मते बेरीज आणि गुणाकार यांना बांधणारी गाठ ती हीच, बाकी त्यांचे संसार वेगळे.

आमच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा तो, सन १२०७ चा. त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत १३५ गुणिले १२ हे उदाहरण आहे आणि बारा तोडायच्या दोन्ही वाटा आहेत. बेरजेने तोडा: बारा म्हणजे आठ आणि चार, १०८० आणि ५४०, मिळून १६२०. किंवा गुणाकाराने तोडा: बारा म्हणजे चार त्रिक, आधी ५४०, मग त्याची तिप्पट, १६२०. पहिल्या वाटेने काडी लागते, दुसऱ्या वाटेने लागत नाही. मुलाला दोन्ही करून दाखवा.

एडिसनचा_बंड्या

कडीपत्ता ताई, मुलाला घेऊन न्यू जर्सीला या. इथे ४ × ३ म्हणजे चार गट, प्रत्येकात तीन, असं शिकवतात. म्हणजे त्याला पूर्ण मार्क आणि तुमच्या सासऱ्यांना शून्य.

२०१५ मध्ये इथे बरोबर उलटा किस्सा नेटवर गाजला होता. पोराने ५ × ३ साठी ५ + ५ + ५ लिहिलं, बाईंना ३ + ३ + ३ + ३ + ३ हवं होतं, मार्क गेला. दोन देश, दोन बाया, एकच लाल पेन.

त्याआधी २००८ मध्ये कीथ डेव्हलिन या गणितज्ञाने एका सदरात शिक्षकांना थेट सांगितलं होतं की, मुलांना गुणाकार म्हणजे वारंवार बेरीज असं शिकवणं बंद करा. त्यावर जे रण माजलं त्यापुढे आपला हा धागा म्हणजे हळदीकुंकू.

निवृत्त_ओव्हरसियर

बांधकाम खात्यात होतो, माझा अनुभव सांगतो. खडी, वाळू ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच ढीग. त्या तिघांची बेरीज करा, २१ फूट येते. त्या एकवीस फुटांचे काय करणार? टेप गुंडाळून ठेवणार. फुटात फूट मिळवले तर फूटच मिळतात. फुटाला फुटाने गुणले की चौरस फूट ही नवीनच वस्तू हातात येते. बेरजेला दोन्हीकडे एकाच जातीची वस्तू लागते, पेढ्यात ताटल्या मिळवता येत नाहीत. गुणाकाराला ती अट नाही, आणि उत्तर तिसऱ्याच जातीचे येते. ज्याने मोजमाप पुस्तिका भरली आहे तो गुणाकाराला नुसती बेरीज म्हणणार नाही.

शून्य_एक

काका, ढीग एक-एक घनफुटाच्या ठोकळ्यांचा समजा आणि ठोकळे मोजा. झाली बेरीज. :)

निवृत्त_ओव्हरसियर

आणि ढीग साडेनऊ बाय पावणेअकरा असला की? ठोकळे करवतीने कापणार काय?

अपूर्णांक

काकांनी वर्मावर बोट ठेवलं. मुलाचा 'अर्ध्यांदा' हाच तो करवतीचा प्रश्न आहे, आणि मला तो फार आवडला.

मोजायच्या संख्यांपुरतं (१, २, ३...) बोलायचं तर शून्य_एक यांचं म्हणणं चूक नाही. १८८९ मध्ये इटलीच्या पेआनो या गणितज्ञाने अंकगणिताचे नियम मांडले, त्यांत गुणाकाराची व्याख्या तशीच आहे: अ × १ = अ, आणि पुढच्या संख्येने गुणायचं असेल तर आधीच्या गुणाकारात आणखी एक अ मिळवा. जन्म बेरजेच्याच घरातला.

पण अर्ध्यांदा म्हणजे काय? ते ठरवावं लागतं. मात्र मनाला येईल तसं नाही. गुरुजींची काडी मोडू द्यायची नाही, एवढी एकच अट ठेवा. दोन 'अर्ध्यांदा' मिळून एकदा झालं पाहिजे, म्हणून साडेतीन अर्ध्यांदा म्हणजे पावणेदोन, दुसरं काही असूच शकत नाही. साडेतीन एकदा, अधिक पावणेदोन, सव्वापाच. आजोबांची औटकी आणि दिडकी दोन्ही हेच म्हणतील.

ऋण गुणिले ऋण धन का, हा आठवीतला छळही काडीनेच सुटतो. १ आणि −१ मिळून शून्य. त्या शून्याला −१ ने गुणा, शून्यच. आता काडी ठेवा: (−१) × १ अधिक (−१) × (−१) मिळून शून्य. पहिला तुकडा −१ आहे. मग दुसऱ्याने +१ झाल्याशिवाय हिशेब जुळत नाही. इथे वारंवार बेरीज कुठे आहे? 'उणे एक वेळा' मिळवणार कसं? मिळवणं केव्हाच मागे पडलं, उरली ती काडी.

कडीपत्ता

हे मला कळलं! आठवीत बाईंनी "शत्रूचा शत्रू तो मित्र" असं सांगून वेळ मारून नेली होती.

आता सासऱ्यांचा निरोप. त्यांना इथे खातं काढायचं नाहीये, मी टंकायचं. ते म्हणतात, आपल्या बोलण्यातच दोन्ही आहेत. पाचशे म्हणजे पाच गुणिले शंभर. आणि पंचोत्तरशे म्हणजे शंभरावर पाच, बेरीज. मधल्या 'उत्तर'ने गुणाकाराची बेरीज केली. दीडशे, सव्वाशे, अडीचशे हे सगळे गुणाकार, अपूर्णांकाचे! जो मुलगा दुकानात "दीडशे रुपये" म्हणतो त्याने दीड वेळा शंभर आधीच केलेले असतात. आणि एकोणतीसमध्ये वजाबाकी, तिसाला एक ऊन. म्हणून ते एकोणतीसाचा पाढा पाठ करत नसत. तिसाचा म्हणायचा आणि जितके वेळा म्हटला तितके काढून टाकायचे. एकोणतीस सत्ते, दोनशे दहातून सात गेले, दोनशे तीन.

खडू_फळा

आजोबांना माझा नमस्कार सांगा. ही काडीच आहे, फक्त मांडणीच्या बाहेर ठेवलेली.

ताकभात

म्हणजे २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' आणलं तेव्हा जो गदारोळ झाला, तो बेरीज उघड करण्यावरून होता होय. एकवीसमध्ये बेरीज उलट्या क्रमाने आहे एवढंच. (अवांतर आहे, पळतो.)

एडिसनचा_बंड्या

पळू नका, पण तो विषयही काढू नका. मागच्या वेळी तीनशे प्रतिसाद झाले होते आणि शेवटी भांडण पुणे-नागपूरवर गेलं.

निवृत्त_ओव्हरसियर

लॉगचा (लॉगॅरिदमचा) उल्लेख कोणीच कसा केला नाही? आमच्या काळी गुणाकार टाळायचा हमखास मार्ग तोच. १६१४ मध्ये स्कॉटलंडच्या नेपियरने कोष्टक छापले, आणि तीन-साडेतीनशे वर्षे जगभरच्या खगोलवाल्यांनी, दर्यावर्दींनी आणि आमच्यासारख्या ओव्हरसियरांनी त्यावर दिवस काढले. दोन संख्यांचे लॉग बघा, मिळवा, अँटिलॉग बघा. गुणाकार झाला, एकदाही न गुणता.

दोनाचा लॉग .३०१०, तिनाचा .४७७१. मिळवले की .७७८१. आता कोष्टकात सहाचा लॉग बघा, .७७८२ छापलेला आहे! चार अंकांवर कापल्याने एक निसटतो. अँटिलॉग काढला की ५.९९९ येतात. अकरावीत आमच्या सरांनी फळ्यावर २ × ३ = ५.९९९ लिहिले होते आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या. सरकपट्टीतही (स्लाइड रूल) तेच तत्त्व. दोन लांब्या एकापुढे एक ठेवायच्या, म्हणजे बेरीज, पण खुणा लॉगच्या अंतरावर मारलेल्या, म्हणून वाचायला गुणाकार.

शून्य_एक

घ्या! काकांनीच माझी बाजू मांडली. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. म्हणजे दोन्ही एकच.

अपूर्णांक

एकच नाहीत, आणि यात शंभर वर्षांपूर्वीची एक सुंदर गोष्ट आहे. सावकाश वाचा, चहा घेऊन.

कल्पना करा, एका माणसाला फक्त गुणाकार येतो, बेरीज अजिबात येत नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक संख्या म्हणजे मूळ संख्यांची पिशवी. १२ म्हणजे दोन, दोन, तीन. १८ म्हणजे दोन, तीन, तीन. गुणायचं म्हणजे दोन पिशव्या एकीत ओतायच्या. काय सोपं जग! पण या माणसाला २ आणि ३ मधला फरक सांगता येत नाही. सगळ्या पिशव्यांतले दोन काढून तीन घाला आणि तिनांच्या जागी दोन. १२ चे १८ होतील, १८ चे १२, पण त्याला माहीत असलेलं गुणाकाराचं एकही विधान खोटं पडणार नाही. ३ हा २ च्या पुढचा, हे सांगायला बेरीज लागते.

उलट ज्याला फक्त बेरीज येते त्याला १७ मध्ये काही विशेष दिसत नाही. सोळाच्या पुढचा थांबा, बस्स. मूळ संख्या नावाची काही चीज असते हेच त्याला कळणार नाही.

आता गंमत. १९२९ मध्ये वॉर्सामध्ये तर्कशास्त्रज्ञ तार्स्कीचा विद्यार्थी प्रेसबर्गर याने सिद्ध केलं की फक्त बेरजेच्या जगातलं कुठलंही विधान खरं की खोटं, हे ठरवण्याची ठाम यांत्रिक रीत आहे. (हा हुशार पोरगा पुढे नाझींच्या नरसंहारात गेला.) त्याच सुमारास नॉर्वेच्या स्कोलेमने फक्त गुणाकाराच्या जगाबद्दल तेच दाखवलं. दोन्ही जगं वेगवेगळी ठेवली तर शहाणी, शिस्तीत वागणारी. आणि १९३१ मध्ये तर्कशास्त्रज्ञ ग्योडेलने दाखवलं की दोघांना एका घरात आणलं की संपलं. नियमांची यंत्राने तपासता येईल अशी कुठलीही यादी करा, ती स्वतःशी विसंगत नसेल तर संख्यांबद्दलचं काही ना काही खरं विधान तिच्यातून सिद्ध होणार नाही. अवघड बेरीज नाही, अवघड गुणाकारही नाही. अवघड आहे ते दोघांचं एकत्र नांदणं.

लॉगबद्दल: लॉग गुणाकाराला बेरीज करतो खरा, पण त्याच वेळी बेरजेची वाट लावतो. लॉग २ आणि लॉग ३ माहीत आहेत, आता लॉग (२ + ३) त्यांच्यावरून काढा बरं? सरकपट्टीवर बेरीज करता येत नाही, काका साक्ष देतील.

निवृत्त_ओव्हरसियर

साक्ष दिली. बेरीज मागच्या पाकिटावर पेन्सिलीने करायचो.

वरणफळं

दोन दिवस वाचतेय, आज लिहिते. मग ज्याला फक्त गुणाकार येतो त्याला बेरीज शिकवायला किती लागेल?

अपूर्णांक

लाख बोललात. फक्त 'पुढची संख्या' दाखवायची, म्हणजे एक मिळवणं. तेवढं पुरतं! १९४९ मध्ये ज्युलिया रॉबिन्सन या अमेरिकन गणितज्ञ बाईंनी दाखवलं. अ + ब = क आहे का, हे बेरीज न करता असं तपासायचं (क शून्य नको):

(१ + अक) × (१ + बक) = १ + क² × (१ + अब)

यात मिळवलेला आहे तो फक्त १. करून बघा. अ = २, ब = ३, क = ५. डावीकडे ११ × १६ = १७६. उजवीकडे २५ × ७ = १७५, त्याच्या पुढची १७६. जुळलं. आता क = ६ घ्या: १३ × १९ = २४७, आणि ३६ × ७ अधिक १ म्हणजे २५३. फसलं. म्हणजे दोन आणि तीन मिळून सहा होत नाहीत, हे गुणाकाराने पकडलं. कंस सोडवून बघितलात तर आत गुरुजींची काडी सापडेल.

वरणफळं

कंस सोडवले. दोन्हीकडचे १ आणि अबक² उडतात, उरतं (अ + ब)क = क². भाजी करपली, पण वसूल.

गोदाकाठ

नाशिककर म्हणून एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. १७२९ घ्या: १ + ७ + २ + ९ = १९, आणि १९ × ९१ = १७२९. शिवाय त्यांच्या नावाच्या कापरेकर संख्या: ४५ चा वर्ग २०२५, त्याचे दोन तुकडे २० आणि २५, मिळून परत ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ आणि २०९, मिळून २९७. वर्ग हा गुणाकार, तुकडे जोडणं ही बेरीज. नातं म्हणजे आणखी काय हवं?

अपूर्णांक

कापरेकरांना दंडवत. फक्त एक खोड काढतो: हा खेळ दहाच्या पायावर उभा आहे. आपल्याला आठ बोटं असती तर ४५ मधली गंमत गेली असती. ४५ म्हणजे नऊ पंचे हे मात्र कुठल्याही बोटांवर खरं.

गोदाकाठ

आठ बोटं असती तर आठाच्या पायावरच्या सापडल्या असत्या. मास्तर थांबणारे नव्हते.

शून्य_एक

अर्धी माघार घेतो. काल रात्री माझ्याच धंद्यातली एक गोष्ट आठवली. दोन १०२४ अंकी संख्या मिळवायला साधारण हजारभर पायऱ्या. शाळेच्या रीतीने गुणायला १०,४८,५७६ छोटे गुणाकार. १९६० मध्ये मॉस्कोत कोल्मोगोरोव्ह हा बडा गणितज्ञ आपल्या परिसंवादात म्हणाला की याहून फार कमी होणं नाही. २३ वर्षांच्या काराट्सुबाने आठवड्याभरात त्याला खोटं पाडलं. २३ × ४१ वर दाखवतो. चार छोटे गुणाकार लागायला हवेत. तो तीनच करतो: २ × ४ = ८, ३ × १ = ३, आणि (२ + ३) × (४ + १) = २५. पंचवीसातून ८ आणि ३ काढा, १४. आता ८ शतक, १४ दशक, ३ एकक: ९४३. एक गुणाकार वाचवला, बदल्यात चार बेरजा-वजाबाक्या कराव्या लागल्या. हेच तुकड्यांच्या तुकड्यांवर करत गेलं की दहा लाखांवरून ५९,०४९ वर येतो.

२०१९ मध्ये हार्वे आणि व्हान डर होवेन यांनी आणखी बरीच वेगवान रीत दिली, पण तीही बेरजेच्या वेगाला पोचत नाही. बेरजेइतकाच झटपट गुणाकार कधीच शक्य नाही, हे मात्र आजवर कोणी सिद्ध केलेलं नाही. म्हणजे गुणाकार बेरजेपेक्षा खरोखर अवघड आहे की आपल्यालाच जमत नाहीये, हे प्रोसेसर बनवणाऱ्यांनाही माहीत नाही. हे वाचून झोप उडाली राव.

अपूर्णांक

स्वागत आहे. आता मुलासाठी खेळ. १ ते १० चे पाढे एका दहा बाय दहा तक्त्यात लिहायचे. घरं शंभर, पण वेगवेगळे आकडे किती? आणि त्याच तक्त्यात गुणाकाराऐवजी बेरजा लिहिल्या तर किती?

कडीपत्ता

पोराने वहीचं पान भरलं. बेरजेच्या तक्त्यात फक्त १९ (२ ते २०, मध्ये एकही गाळलेला नाही). पाढ्यांच्या तक्त्यात ४२. आम्ही दोनदा मोजले. २४ चारदा येतो, ४९ एकदाच. तो म्हणतो, "बेरजा रांगेत उभ्या राहतात, गुणाकार कुठेही उड्या मारतात."

अपूर्णांक

४२ बरोबर. आता त्याला दुसरे दहा आकडे द्या: १, २, ४, ८ असं दुप्पट करत ५१२ पर्यंत. आता गुणाकार १९ च येतील आणि बेरजा ५५. रांगेतले फिरले, उड्या मारणारे रांगेत आले.

दोन्ही तक्ते एकदम आखूडच राहतील असे आकडे निवडता येतील का? १९८३ मध्ये एर्डोश आणि सेमेरेदी या हंगेरियन गणितज्ञांनी सिद्ध केलं की नाही, आकड्यांचा संच मोठा होत गेला की दोन्हींपैकी एक तक्ता फुगणारच. किती फुगणार याचा त्यांचा अंदाज आजही अंदाजच आहे. ज्या संचावर बेरजेचं प्रेम, त्यावर गुणाकाराचा राग.

एडिसनचा_बंड्या

ते जपानी प्रकरण याच्याशीच संबंधित ना? पाचशे पानांचं, कोणालाच न कळलेलं?

अपूर्णांक

हो, ते एबीसी अनुमानाचं प्रकरण, थोडक्यात सांगतो. ३ + १२५ = १२८ घ्या. तिन्हींत मिळून मूळ संख्या कोणत्या? ३, ५ आणि २ (१२५ म्हणजे पाचाचा घन, १२८ म्हणजे सात दोन). त्यांचा गुणाकार ३०, उत्तरापेक्षा लहान. असं क्वचित घडतं. सहसा बेरजेच्या दोन्ही बाजू अशा 'दाट' पिशव्यांच्या नसतात, कारण मिळवलं की अवयवांची वीण उसवते. २४ म्हणजे दोन-दोन-दोन-तीन, नुसता एक मिळवा, पाच-पाच, आधीचं काहीच उरत नाही. हे 'क्वचित' म्हणजे नेमकं किती क्वचित, ते १९८५ मध्ये मासर आणि ओस्टर्ले या गणितज्ञांनी अंदाज म्हणून मांडलं, तेच एबीसी अनुमान. २०१२ मध्ये क्योतोच्या मोचिझुकीने सिद्धतेचा दावा केला, बेरीज आणि गुणाकार यांचा सांधाच खिळखिळा करून. २०१८ मध्ये शोल्झ आणि श्टिक्स हे जर्मन गणितज्ञ क्योतोला जाऊन आले आणि एका पायरीवर भोक आहे म्हणाले. २०२१ मध्ये क्योतोच्याच नियतकालिकात ते छापून आलं, पण बाहेर बहुतेक लोक मानत नाहीत. माझं मत बाहेरच्यांच्या बाजूने, पण मी काही ते पाचशे पानी वाचलेलं नाही.

ताकभात

आणि हे सगळं अर्ध्या मार्कावरून.

कडीपत्ता

मार्क परत मिळाला नाही. बाई म्हणाल्या, चाचणीपुरतं पाढ्याच्या क्रमाने लिहायचं, पण त्यांनी सोमवारी वर्गात चिंचोके आणायला सांगितलेत. (गुरुजी, तुमचा प्रतिसाद मी छापून डबा पिशवीत घातला होता. रागावू नका.)

घरी आता वीस बाय वीसचा तक्ता चाललाय, चारशे घरांचा. सासरे म्हणतात वेगवेगळे आकडे १५१, नातू म्हणतो १५२. दोघंही हट्टी आहेत, जेवायला यायला तयार नाहीत. कोणीतरी लवकर सांगा, आमटी गार होतेय.

शून्य_एक

चार ओळींचा प्रोग्राम लिहून बघितला. १५२. आजोबांना म्हणावं ७५ राहिला असेल, पाच पंधरे. तो दहाच्या आतल्या पाढ्यात नाही, म्हणून निसटतो.

कडीपत्ता

७५ नव्हता. २१६ राहिला होता, बारा अठरे. बसले जेवायला.